चिठ्ठी नसलेल्याची जाहिरात

१९८८ च्या पावसाळ्यात जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मला कारकुनाची नोकरी लागली, ती माझ्या अर्जामुळे नव्हे. अर्ज मी रीतसर केला होता, पण तो कोणी वाचला असेल असे मला आजही वाटत नाही. माझ्या खिशात मामांची चिठ्ठी होती आणि तिच्यात एकच ओळ होती : ‘आपला भाचा आहे, पाहावे.’ त्याच दिवशी माझ्याबरोबर माझा एक वर्गमित्रही मुलाखतीला आला होता. बी.कॉम.ला त्याला माझ्यापेक्षा अधिक गुण होते आणि खतावणीतली चूक शोधण्यात त्याचा हात धरणारा आमच्या वर्गात कोणी नव्हता. ‘तुमच्याविषयी काही सांगा,’ असे साहेबांनी म्हटल्यावर तो खाली पाहत ‘काही नाही साहेब, बी.कॉम. झालंय,’ एवढेच बोलला. मीही जवळजवळ तेवढेच बोललो होतो. पण माझ्या वतीने चिठ्ठी आधीच बोलून गेली होती. नोकरी मला मिळाली आणि तो संध्याकाळच्या पॅसेंजरने परत गेला.

पुढे त्याच कारखान्यात भरतीचे काम माझ्याकडे आले आणि वीस-बावीस वर्षे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून तरुणांचे अर्ज वाचले. त्या अनुभवातून एक मत पक्के झाले आहे. नोकरी शोधणाऱ्याने स्वतःची जाहिरात करणे आपल्या खानदेशात अजूनही हलकेपणाचे मानले जाते, आणि हा समज ज्यांना चिठ्ठी मिळते त्यांच्याच सोयीचा आहे. ज्याच्यासाठी बोलायला मामा, संस्थेचे संचालक किंवा समाजाचे अध्यक्ष आहेत, त्याला विनय परवडतो. ज्याच्यासाठी बोलणारे कोणी नाही त्यानेही गप्प बसावे, असे सांगणे म्हणजे त्याने रांगेतून बाजूला व्हावे, असेच सांगणे आहे.

‘आपल्या तोंडाने आपले कौतुक करू नये’ हा धडा आपल्या घरांतून मुलांना फार लवकर मिळतो, आणि मुलींना त्याहून लवकर मिळतो. दासबोधातील मूर्खलक्षणांत स्वतःची स्तुती करणारा येतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. मात्र त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगत फिरणाराही मूर्खच ठरवला आहे, याची आठवण सहसा कोणी काढत नाही. समर्थांनी दोघांना एकाच दमात झाडले. आपण त्यातला पहिला दोष गरिबाच्या मुलासाठी राखून ठेवला आणि दुसऱ्याला ‘घराण्याची ओळख’ असे प्रतिष्ठित नाव दिले. त्याच ओवीत स्वदेशी विपत्ती भोगणाराही मूर्खांत मोजला आहे. सुरतेच्या कापड गिरण्यांत आणि चाकणच्या कारखान्यांत गेलेल्या आमच्या पोरांनी हा भाग न वाचताच आचरणात आणला, असे म्हणावे लागते.

दुसरा समज असा, की गुण असले म्हणजे ते आज ना उद्या आपोआप पुढे येतात. या समजाविरुद्धचा पुरावा आमच्याच घरात आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. घरात आणि शेतात काम करता करता त्या ओव्या रचत गेल्या आणि घरातल्यांनी त्यांपैकी काही उतरवून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. त्यानंतर त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी त्या रचना आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला. आज आमचे विद्यापीठ बहिणाबाईंच्या नावाने ओळखले जाते, आणि त्याचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. पण सोपानदेव स्वतः कवी होते, चांगली कविता त्यांना ओळखता येत होती आणि ती कोणाकडे न्यावी हेही माहीत होते, या गोष्टी आपण त्या अभिमानात विसरतो. इतक्या थोर प्रतिभेलाही पुढे येण्यासाठी बोलणारा माणूस लागला. ज्यांच्या घरी सोपानदेव नव्हते अशा किती जणी खानदेशात जात्यावर गाऊन निघून गेल्या असतील, याची गणती करण्याचा मार्गच उरलेला नाही. खतावणीतली चूक शोधणारा माझा मित्र अर्थातच त्या तोलामोलाचा नव्हता. पण ज्या यंत्रणेत बहिणाबाईंना मध्यस्थ लागतो, त्या यंत्रणेत साध्या कारकुनाने आपल्या गुणांवर विसंबून राहावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

ओळखीने नोकरी लागणे हा केवळ आपल्याकडचा प्रकार नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरातील नोकरदारांचा अभ्यास करून १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी कोणा ना कोणाच्या ओळखीतून मिळालेली दिसली. विशेष म्हणजे ती ओळख बहुधा घरच्या माणसांची किंवा जिवलग मित्रांची नव्हती, तर अधूनमधून भेटणाऱ्या, दूरच्या परिचितांची होती. जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दूरचा माणूस आणतो. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांतूनही साधारण हेच दिसले, फक्त परिचय अगदीच नावापुरता असून चालत नाही एवढी त्यात भर पडली.

हे खानदेशाला लावून पाहावे. आमच्या ओळखी दाट आहेत : भाऊबंद, सोयरे, गाववाले. रावेरच्या एखाद्या मुलाचे शंभर परिचित असले तरी ते शंभर जण बहुधा एकमेकांनाही ओळखतात आणि सगळ्यांना त्याच चार कृषी केंद्रांतल्या, त्याच दोन पतपेढ्यांतल्या रिकाम्या जागा ठाऊक असतात. त्या वर्तुळाबाहेर नाशिकला, पुण्याला किंवा सुरतेला त्याला ओळखणारा एकही माणूस नसतो. स्वतःची जाहिरात म्हणजे ज्यांना आपण माहीत नाही अशांपर्यंत आपली माहिती पोचवणे, असा साधा अर्थ घेतला, तर ती या मुलासाठी दूरची ओळख तयार करण्याचे एकमेव साधन ठरते. एरवी आपण यात मागे नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण फलक लावले, भरिताच्या वांग्यालाही ते मिळाले म्हणून जेवणावळीत सांगितले. त्या केळीच्या बागेत राबलेल्या पोराने आपल्याला काय येते ते सांगितले, की मात्र तो ‘लई शहाणा’ ठरतो.

तेव्हा बोलावे की नाही, हा प्रश्न माझ्या दृष्टीने संपलेला आहे. काय बोलावे, हा खरा अवघड प्रश्न आहे आणि तेथे मात्र जाहिरातीला नाके मुरडणाऱ्यांचे थोडे बरोबर आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायोडाटांपैकी कितीतरी एकाच छापाचे असत. तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात एक तयार नमुना असतो. त्यात नाव आणि जन्मतारीख बदलली, की नवा बायोडाटा तयार होतो. ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार लावणे’ हे ध्येय मी इतक्या वेळा वाचले, की ते एका माणसाचे ध्येय नसून एका संगणकाचे आहे हे मला कळून चुकले. खाली गुणांची यादी : मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळूनमिसळून काम करणारा. छंद : वाचन, क्रिकेट. त्याच दुकानात लग्नाचेही बायोडाटे छापले जात असल्यामुळे काही नोकरीच्या अर्जांत उंची, रंग, मामाचे गाव आणि एकदा तर नाडीही आली होती. ती वाचून आम्ही हसलो होतो, याची आता लाज वाटते. त्या मुलाला नोकरीच्या अर्जात काय लिहायचे ते कोणी सांगितलेच नव्हते; त्याने ज्या एका बाजारात स्वतःला मांडण्याची रीत पाहिली होती, ती रीत त्याने दुसऱ्या बाजारात वापरली.

‘मेहनती’ आणि ‘प्रामाणिक’ हे शब्द निरुपयोगी का, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजाराविषयी एक मांडणी केली. पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. त्या मांडणीचे सार असे, की मालकाला उमेदवाराचे खरे गुण दिसत नसतात, म्हणून तो खुणा पाहतो. आणि जी खूण गुण नसलेल्याला सहज लावता येत नाही, तीच खूण उपयोगाची असते. आळशी माणसालाही ‘मेहनती’ हा शब्द फुकटात लिहिता येतो, म्हणून तो शब्द वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. जळगावच्या माणसाला हे समजावण्यासाठी नोबेलपर्यंत जायची गरज नाही. आमच्या सराफ बाजारात ‘सोने चोख आहे हो’ या बोलण्यावर कोणी दागिना घेत नाही. पूर्वी कसोटीच्या दगडावर रेघ ओढून पाहत, आणि जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाल्यावर गिऱ्हाईक भिंगातून तो सहा अक्षर-अंकांचा क्रमांक शोधते. सराफ जाहिरात करतोच, पण ती कसोटीला उतरते म्हणून टिकते.

उमेदवाराची कसोटीला उतरणारी जाहिरात म्हणजे केलेल्या कामाचा तपशील, आणि हाच तपशील आमची मुले लपवतात. लपवतात म्हणण्यापेक्षा, तो सांगण्यासारखा आहे हेच त्यांना ठाऊक नसते. अनुभवाच्या रकान्यात ती ‘नाही’ असे लिहितात. एकदा ठिबक सिंचनाच्या क्षेत्रसेवकाच्या कामासाठी यावल तालुक्यातला एक मुलगा आला होता. अर्जात अनुभव नाही, इंग्रजी साधारण, गुण साधारण. उठता उठता मी सहज विचारले, की घरी काय आहे? चार एकर केळी आहे, म्हणाला. बागेचे पाणी कोण पाहते? ‘मीच पाहतो.’ मग तो पंधरा मिनिटे बोलत राहिला. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात फरक वाढला म्हणजे काय समजायचे, क्षारामुळे तोट्या बंद पडल्या की आम्ल कसे सोडायचे, लॅटरलच्या शेवटच्या झाडाला पाणी कमी पडते हे पानांवरून कसे ओळखायचे, व्हेंच्युरीने खत ओढणे बंद केले तर आधी कुठे हात घालायचा. तीन वर्षे हे काम त्याने एकट्याने सांभाळले होते. ज्या कामासाठी तो आला होता त्याचा याहून चांगला अनुभव दुसऱ्या कोणाकडे नव्हता, आणि त्याच्या दीड पानी बायोडाटात त्याचा एक शब्दही नव्हता. घरचे काम म्हणजे काम नव्हे, अशी त्याची समजूत होती. मी उठता उठता तो प्रश्न विचारला नसता, तर तो परत गेला असता.

असेच इतरांचे. जिनिंगच्या हंगामात चार महिने कापसाच्या गाड्यांचे काटे लिहिणारा, आईच्या बचत गटाचे हप्ते आणि व्याज वहीत मांडणारी, काकांच्या किराणा दुकानाचा जीएसटी भरण्यासाठी दर महिन्याला बिले लावून देणारा, लग्नसराईत मांडववाल्याबरोबर वायरिंग करणारा, हे सगळे अर्जात ‘फ्रेशर’ असतात. यांनी ‘मेहनती’ हा शब्द खोडून ‘दोन हंगाम दररोज इतक्या गाड्यांची नोंद केली, काटा आणि पावती यांत तफावत आली तर ती त्याच दिवशी मिटवली’ असे लिहिले, तर त्यात फुशारकी कुठे आली? ती साक्ष आहे. प्रश्न विचारून, काम देऊन ती तपासता येते, आणि खोटी असेल तर दोन मिनिटांत उघडी पडते. अनुभवाची खोटी पत्रे विकत आणणाऱ्यांना मी याच रीतीने ओळखत असे. पत्रावर शिक्का ठळक असे आणि दुसऱ्या प्रश्नाला घाम फुटे.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांविषयी मला फार बोलायचे नाही. हस्तांदोलन कसे करावे, टाय कसा बांधावा आणि ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ला पाठ केलेले इंग्रजी उत्तर कसे द्यावे, हे शिकवून ते शुल्क घेतात. अहिराणी बोलणाऱ्या मुलाची भाषा त्यांना दोष वाटते. यंत्रावर बारा तास काढलेल्या मुलाने त्या यंत्राविषयी मराठीत किंवा अहिराणीत नीट सांगितले, तर ते समजून घेण्याइतकी बुद्धी मुलाखत घेणाऱ्याकडे असली पाहिजे.

मुलींच्या बाबतीत अडचण आणखी निराळी आहे. अर्जावर मोबाइल क्रमांक असतो तो वडिलांचा किंवा भावाचा. मी फोन केला, की पलीकडून ‘कोण बोलतंय, कुठली कंपनी, किती माणसं आहेत तिथं?’ अशी उलट मुलाखत सुरू होई आणि ती मुलगी त्या वेळी घरातच असली तरी फोनवर येत नसे. इंटरनेटवर स्वतःचे नाव आणि छायाचित्र टाकून काम मागणे तर अनेक घरांत बदनामीला निमंत्रण समजले जाते. अनोळखी माणसांचे नको ते संदेश येतात, ही भीती खोटी नाही. पण त्यावर तोडगा म्हणून मुलीनेच अदृश्य व्हायचे, हा न्याय कसला? लग्नाच्या स्थळांच्या गटात तिचा फोटो, शिक्षण, उंची आणि क्रमांक शेकडो अनोळखी घरांत फिरतो, तेव्हा ही भीती कुठे जाते, असे एकदा एका वडिलांना मी विचारले होते. त्यांनी फोन ठेवून दिला.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप गंभीर आहे. जाहिरातीची बाजू घेतली, की बोलक्यांचे फावते आणि गप्प पण गुणी माणूस मागेच राहतो. त्याहून पुढची गोष्ट अशी, की कितीही नेमका अर्ज लिहिला तरी वाचणाऱ्याची नजर आधी आडनावावर जाते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. दलित आणि मुस्लीम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय हिंदू नावांच्या अर्जांपेक्षा कमी प्रतिसाद आला होता. माझ्या टेबलावर असे घडले नाही, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. म्हणून नोकरी मागणाऱ्याने कसे बोलावे, एवढेच सांगून हा विषय संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऐकणाऱ्याचीही काही जबाबदारी आहे, आणि ती आम्ही मालकांच्या बाजूच्या माणसांनी कधीच नीट पार पाडली नाही.

आमच्या जाहिराती पाहा. ‘पाहिजेत : अनुभवी ऑपरेटर, हेल्पर. पगार योग्यतेनुसार. समक्ष भेटा.’ अशा ओळी मीच कितीदा वृत्तपत्रात दिल्या. उमेदवाराने जन्मतारखेपासून छंदांपर्यंत सगळे सांगावे आणि आम्ही पगार किती, पाळी किती तासांची, नेमणूक कंपनीच्या पटावर की ठेकेदारामार्फत, एवढेही सांगू नये, हा व्यवहार एकतर्फी होता. चोपड्याहून किंवा एरंडोलहून आलेला मुलगा एसटीचे भाडे घालून, दिवसाची मजुरी बुडवून दारात उभा राहत असे आणि पगाराचा आकडा ऐकून परत जात असे. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले होते. तेथूनच माणूस घ्यावा अशी सक्ती नसल्यामुळे आम्ही तो एक कागद समजून पाठवत होतो, आणि जागा तोवर चिठ्ठीवर भरलेली असे.

निवडीची पद्धत बदलली, तर जाहिरातीचे ओझेही हलके होते. शिक्षकभरतीचे उदाहरण ताजे आहे. अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचे सरकारी संकेतस्थळ असलेले पवित्र पोर्टल आल्यावर, निदान ज्या जागा मुलाखतीशिवाय भरल्या जातात तेथे, उमेदवाराला संस्थाचालकांच्या ओट्यावर जाऊन बसण्याची गरज उरली नाही. ज्या संस्था मुलाखतीसह भरतीचा पर्याय निवडतात तेथे मात्र जुने प्रश्न पुन्हा उभे राहतात, आणि त्या प्रश्नांचा आकडा किती लाखांत असतो ते खानदेशात कोणाला सांगावे लागत नाही. कारखान्यात तर परीक्षा घेणे त्याहून सोपे आहे. मी शेवटच्या काही वर्षांत टेबलावर एक व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घेण्याचे साधन, आणि एक पितळी बुश, म्हणजे नळीसारखा पोकळ भाग, ठेवत असे. फिटरच्या जागेसाठी आलेल्याने आधी त्या बुशचा आतला आणि बाहेरचा व्यास ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजून कागदावर लिहायचा, मग खुर्चीवर बसायचे. बायोडाटा मी त्यानंतर उघडत असे. यामुळे काही बोलके लोक खुर्चीपर्यंत पोचलेच नाहीत, आणि काही मुखदुर्बळ मुले अशी बोलू लागली, की त्यांना थांबवावे लागले. मोजलेल्या मापाविषयी बोलायला कोणाला लाज वाटत नाही.

हे प्रत्येक मालक करील, अशी आशा मी धरत नाही. पण शाळा-महाविद्यालये आणि आयटीआय एक गोष्ट उद्यापासून करू शकतात. आयटीआयचा प्रत्येक प्रशिक्षणार्थी प्रात्यक्षिकाची वही ठेवतो. कोणता जॉब, म्हणजे सरावाचा नग, केला, कोणत्या हत्याराने, किती मापात, किती वेळात, आणि खाली निदेशकाची सही. कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांचेही प्रकल्प असतात, सर्वेक्षणे असतात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत बांधलेले बंधारे असतात. नोकरीच्या बाजारात याहून चांगली साक्ष दुसरी नाही, कारण ती काम होत असताना लिहिलेली आहे आणि तिच्यावर दुसऱ्या माणसाची सही आहे. शेवटची परीक्षा झाली, की या वह्यांचे गठ्ठे रद्दीवाल्याकडे जातात. गेल्या उन्हाळ्यात एका आयटीआयच्या आवारात असा गठ्ठा तराजूत चढताना मी पाहिला. वरची वही मी उचलून उघडली. एका टर्नरने टेपर टर्निंगचा, म्हणजे लेथवर निमुळता आकार देण्याचा, जॉब तीनदा बिघडवून चौथ्यांदा बरोबर केल्याची तारीखवार नोंद तिच्यात होती, प्रत्येक वेळी चूक काय झाली त्यासकट. मी रद्दीवाल्याला दहा रुपये दिले आणि वहीवरच्या नावाच्या मुलाला शोधून काढायला कार्यालयात गेलो.